टँकर आला आणि मी बारखाली अडकलो

मित्रांनो, थोडक्यात वाचलो.

आज लोह्यातल्या जिममध्ये आधी उभ्यानं केबल प्रेस केला, म्हणजे वजनाला जोडलेल्या केबलचं हँडल छातीपासून पुढं ढकललं. त्यात छातीसोबत पोट, पाठ, पायही राबतात, म्हणून वजन कमी झेपतं. बेंचवर आडवं झालं की पाठीला आधार मिळतो आणि छाती जास्त वजन ढकलते. त्याच जोशात मी लोखंडी बारला जास्तीचं वजन लावलं आणि बेंचवर आडवा झालो.

तेवढ्यात टँकर आला. सगळे पाण्यासाठी पळाले.

बार छातीवर येऊन बसला. वर जाईना. ओरडायला श्वासच नव्हता. वाटलं, संपलं.

दोस्त गौतम मला बोलवायला परत आला, त्यानं बार उचलला. "आरं येड्या, मरतू का काय!"

टँकर गेला, तरी तो माझ्याजवळच बसून राहिला.

उभ्यानं थकलो असतो तर हँडल सोडता आलं असतं. आडवं असताना कुठं सोडणार? तुमच्या बेंचमागं कुणी उभं असतं का?