गळ्यातलं आणि बॉनेटखालचं

आमच्या गाडीचा अल्टरनेटर गेला हे आमच्याआधी गणपतीला कळलं होतं.

गाडी जुनी, जपानी. भारतात कायमच्या परत निघालेल्या एका कुटुंबाकडून आम्ही ती घेतली होती. सासूबाई सहा महिन्यांसाठी चँडलरला आल्या आणि पहिल्याच फेरीत त्यांनी गाडीत देव नाही हे हेरलं. दुसऱ्या दिवशी बॅगेतून पितळेचा छोटा गणपती निघाला. आधी तो डॅशबोर्डवर चिकटवला होता. पण अ‍ॅरिझोनाच्या उन्हात चिकटपट्टी वितळायची आणि भर रस्त्यात देव माझ्या मांडीवर येऊन बसायचे. मग मी त्यांची स्थापना स्टीअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्यांच्या काचेपुढच्या सावलीत केली. तिथे ते निवांत बसले.

थोड्या दिवसांनी गणपतीच्या मागे लालसर उजेड दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "मूर्तीला तेज आलंय बघ." मलाही बरं वाटलं. उन्हाची तिरीप काचेवर पडत असेल, असं समजून मी तेजासकट गाडी चालवत राहिले. तो बॅटरीचा धोक्याचा दिवा होता आणि मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिताना आजही मला हसू येतं.

शुक्रवारी भाजी घेऊन येताना आधी रेडिओ बंद पडला, मग एसी, आणि घराजवळच्या सिग्नलला गाडीनं मान टाकली. गल्लीत दोन घरं सोडून एक काका राहायचे. सत्तरच्या दशकात इथे आलेले, निवृत्त इंजिनिअर, गॅरेजच्या भिंतीवर पाने आणि पक्कडी देवघरासारख्या मांडून ठेवणारे. त्यांना फोन केला. ते आले, त्यांच्या गाडीवरून करंट देऊन आमची गाडी सुरू करून दिली आणि घरापर्यंत मागे मागे आले. दारात मीटर लावून म्हणाले, "बॅटरी ठणठणीत आहे गं. तिला जेवू घालणारा गेलाय. अल्टरनेटर." इंजिन चालू असताना बॅटरी भरत राहायची, हे त्याचं काम. तो बसला की गाडी साठवणीवर जेमतेम घरी पोचते.

एरवी मी गॅरेजवाल्याकडे गाडी टाकून मोकळी झाले असते. पण सोमवारी माझी मुलाखत होती.

लग्नाआधी मी चिंचवडला मोटारींच्या वाइंडिंगच्या चाचण्या घेत होते. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला टांगून, आणि त्या व्हिसावर बायकोनं काम करायचं नसतं. सहा वर्षं मी पॉटलकच्या जेवणांसाठी डबे केले, मंडळाच्या गणपतीचे पडदे शिवले, आणि "तू दिवसभर काय करतेस?" हा प्रश्न हसून गिळला. ग्रीन कार्डच्या वाटेवर शेवटी एकदाची कामाची परवानगी आली. अर्ज केले, आणि एका, फक्त एका कंपनीनं बोलावलं. कंपनी फिनिक्सच्या पार उत्तरेला. तिथे न बस जात होती न काका. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि हायवे त्यांना वर्ज्य होता.

गॅरेजवाल्यानं मंगळवार दिला. नवरा शनिवारी सकाळी क्लायंटकडे निघणार होता, तिकडे वीकेंडला त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरचं गो-लाइव्ह होतं. बॅग भरता भरता तो म्हणाला, "अगं, रीशेड्यूल कर ना यार. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"सहा वर्षं ढकललंच आहे," मी म्हटलं, "आता आणखी कुठे ढकलू?"

"मग रेंट-अ-कार घे."

"कुणाच्या कार्डावर? माझ्या नावाचं कार्ड आहे का या घरात?"

 माझा आवाज चढला की तो सॉक्स शोधायला लागतो, तसे त्यानं शोधले. सकाळी त्याचा मित्र त्याला विमानतळावर घेऊन गेला, आणि मी तडक काकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, अल्टरनेटर आपण बदलू."

"आपण म्हणजे तू," काका म्हणाले. "माझी कंबर बघतेस ना? मी खुर्चीवर बसून ओरडण्याचं काम करीन."

जवळच्या दुकानापर्यंत मात्र ते मला घेऊन गेले. नवा अल्टरनेटर मांडीवर घेऊन परत आले तेव्हा सासूबाई आमच्या गॅरेजमध्ये टॉर्च घेऊन तयार होत्या. कुणीही त्यांना टॉर्च धरायला सांगितलं नव्हतं. पण घरात काही उघडलं जात असताना आपण टॉर्च धरायचा असतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

काकांनी फोल्डिंगची खुर्ची टाकली आणि पहिला हुकूम सोडला, "किल्ली काढून खिशात. इंजिन गार आहे ना? आता अंगावरचं धातूचं सगळं काढ. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं." त्यांनी डावं मनगट पुढे केलं. तिथे घड्याळाच्या पट्ट्याएवढा गुळगुळीत पांढरा वण होता. "तरुणपणी मलाही वाटलं होतं, दोन मिनिटांचं तर काम आहे. घड्याळाचा स्टीलचा पट्टा बॅटरी आणि बॉडीच्या मध्ये सापडला. चामडीसकट काढावा लागला."

मी अंगठी काढली, बांगड्या काढल्या. हात मानेमागे गेला आणि सासूबाईंचा टॉर्च हलला.

"ते नको," त्या म्हणाल्या. "आज नको. तो विमानात आहे."

सासूबाई काही जुन्या वळणाच्या खाष्ट बाई नव्हत्या. मी जीन्स घालते, मी चिडते, मी संकष्टीला अंडं खाल्लं आहे, हे सगळं त्यांनी पचवलं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. पण त्यांचा मुलगा त्या क्षणी ढगांच्या वर होता आणि त्याच क्षणी मी मंगळसूत्र उतरवणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला आधी राग आला आणि मग त्यांची दया आली, आणि या दोन्हींच्या मध्ये जी मूर्ख तडजोड सुचते ती मला सुचली. आपल्या बायका मंगळसूत्रात अडीनडीला सेफ्टी पिना अडकवून ठेवतात. माझ्यातही होत्या. त्यातली एक काढून मी मंगळसूत्र टी-शर्टच्या आत घेतलं आणि आतल्या आत टाचून टाकलं.

"झालं," मी म्हटलं. "दिसत पण नाही."

"त्याला दिसण्याशी काय करायचंय," काका पुटपुटले. पण दोन बायकांच्या मध्ये पडण्याइतके ते नवखे नव्हते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली आणि ती पुन्हा टेकू नये म्हणून जुन्या टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवली. काकांचं म्हणणं असं की उघडताना निगेटिव्ह पहिली, जोडताना निगेटिव्ह शेवटची, आणि हे झोपेतही चुकता कामा नये. मग अल्टरनेटरचा प्लग काढला, जाड वायरचं नट काढलं, इंजिनचा पट्टा ढिला केला. एक बोल्ट इतका गंजलेला होता की त्याच्याशी मी मराठीत भांडले. पान्यावर सगळा भार टाकून, दात ओठ खाऊन लोंबकळले, तेव्हा तो करकरला आणि फिरला. सहा वर्षांत माझ्या हातून इतका छान आवाज निघाला नव्हता. काकांनी खुर्चीतून टाळी वाजवली.

जुना अल्टरनेटर बाहेर आला. तो नव्याशेजारी ठेवून भोकं, पुली, प्लग सगळं जुळतंय ना ते पाहिलं. त्याच्या जाळीतून आत तांब्याचं वाइंडिंग दिसत होतं, एका बाजूला काळं पडलेलं. मी ते सासूबाईंना दाखवलं, हे असं का जळतं ते सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मला सगळं येतंय. काही विसरलेलं नाही. मी फार खूश झाले, अगदी गॅरेजमध्ये उड्या माराव्यात इतकी.

नवा बसवला. पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून ताण पाहिला, जाड वायर आवळली, प्लग खटकन बसवला. उरली फक्त निगेटिव्ह वायर. ती बॅटरीवर चढवली आणि नट आवळायला वाकले.

त्या सगळ्या खुशीत आत टाचलेली पीन कधी उघडली ते मला कळलंच नाही. मंगळसूत्र टी-शर्टच्या गळ्यातून घसरून खाली लोंबलं. जुन्या गाडीच्या बॅटरीवरचं लाल टोपण कधीच हरवलेलं होतं. एक वाटी उघड्या पॉझिटिव्हवर टेकली आणि दुसरी शेजारच्या लोखंडी पट्टीवर. निळी ठिणगी उडाली, चट्ट असा आवाज आला, आणि मी मागे उसळले ती डोकं बॉनेटवर आपटूनच थांबले.

"भाजलं का?" काका कंबर विसरून उभे राहिले होते.

भाजलं नव्हतं. एका वाटीच्या कडेला काळा ठिपका पडला होता, एवढंच.  थोडा वेळ टेकलं असतं तर सोनं तापून गळ्याशी चिकटलं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सासूबाईंनी टॉर्च खाली ठेवला. त्या माझ्या मागे आल्या आणि मानेवरचे केस बाजूला करून हुक शोधायला लागल्या. 

"आई, पण तो विमानात..."

"माहीत आहे मला. सरळ उभी राहा."

हुक निघाला. त्यांनी मंगळसूत्र हातात घेतलं, ते कुठे ठेवावं म्हणून गॅरेजभर नजर फिरवली. ऑइलचे डबे, टूलबॉक्स, धूळ. मग त्यांनी ते सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं आणि पदर नीट केला.

"गळ्यात असलं म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या, ते कोण बघतंय!"

काकांना अचानक सगळे पाने आकारानुसार लावायची निकड भासली. मी पाना उचलला. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि नट अजून आवळायचं होतं. ते आवळलं.

आता मला मीटर धरून बॅटरीपाशी उभं राहायचं होतं, काकांना वाकून गाडीत बसता येत नव्हतं, म्हणून चालकाच्या जागी सासूबाई बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. गिअर पार्कवर आहे हे मी पाहून घेतलं, किल्ली कुठे आणि किती फिरवायची ते दाखवलं. त्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि इतक्या अदबीनं किल्ली फिरवली की इंजिन नुसतंच खोकलं. "आई, जोरात!" मी ओरडले. दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. मीटरवर चौदा व्होल्टच्या वर आकडा चढला, काका "शाब्बास!" म्हणाले, आणि आत गणपतीच्या मागचं तेज विझलं.

मी बॉनेट खाली घेतलं तर काचेतून सासूबाई दिसल्या. त्यांनी आरसा स्वतःकडे वळवला होता आणि त्या मान तिरकी करून बघत होत्या. पदर जरासा बाजूला झाला होता. मी मुद्दाम वाकून खाली काही पडलंय का ते शोधत राहिले. काहीच पडलं नव्हतं.

दुपारी उशिरा नवऱ्याचा फोन आला, सुखरूप उतरलो म्हणून. सासूबाईंनी त्याला अगदी सहज सांगितलं, "तुझी गाडी मी सुरू केली." मग फोन ठेवून त्यांनी मंगळसूत्र काढलं, पदरानं वाटीचा काळा ठिपका पुसून पाहिला आणि माझ्या गळ्यात घालून हुक लावला. "घे बाई तुझं," म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या. कणीक नेहमीपेक्षा बराच वेळ मळली गेली.

नोकरी मिळाली हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटं घेऊन निघाले. सासूबाईंनी हातावर दही-साखर घातली. मी दारात बूट घालत असताना त्या मागे घुटमळत होत्या.

"तिथे मशिनं असतील ना गं?"

"असतील. टेस्टिंगची लॅब आहे."

"मग त्यांनी तुला एखादं उघडून दाखव म्हटलं तर?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "परवासारखं व्हायला नको. तिथे कोण आहे काढून घ्यायला?"

मुलाखत होती. एक टेबल असणार, दोन-चार खुर्च्या आणि कॉफीचे कागदी कप. हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही माहीत होतं.

"म्हणतीलही उघड म्हणून, काय सांगावं," मी म्हटलं आणि मानेमागे हात नेऊन हुक काढला. त्यांनी मान आधीच पुढे केली होती.