कसं दिसायचंय?

फोटोचाचांनी गिऱ्हाइकाला कधी ‘हलू नका’ म्हटलं नाही. रेवदंड्याच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. समोर माणूस बसला की ते विचारायचे, “कसं दिसायचंय तुम्हाला?” आणि उत्तर संपायच्या आत फोटो काढायचे. निम्म्या नवरदेवांचे ओठ पुसट यायचे. लोक भांडायला आले की चाचा ऐटीत सांगायचे, “जिता माणूस हलतो. मुडद्याचा फोटो पाहिजे तर तसं बोला.”

मी पत्रकं काढणारा. माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता आणि त्याच्यासोबत आलेली नवशिक्यांची पुस्तिका. सूर्य पाठीशी ठेवा, माणूस मधोमध घ्या, आणि खरा फोटो हवा असेल तर त्याच्या नकळत काढा. शेवटचा उपदेश मला फार पटला होता. चाचांनी पुस्तिका चाळली.

“सूर्य तुझ्या पाठीशी, म्हणजे त्यांच्या डोळ्यांत. आणि नकळत? नकळत तर खिसेकापू काम करतो.”

पण नकळत काढायला कारण तसं होतं. खाडीपलीकडच्या मिठागराच्या मालकानं छापून कळवलं होतं की मजुरांना जोडे दिले आहेत, पायांच्या तक्रारी खोट्या. धादांत लबाडी. मिठानं चिरलेले ते पाय मी पाहिले होते. औषधपाण्याची मागणी पुढे रेटायची तर ते चार लोकांना दिसायला हवे होते. मी चोरून टिपणार होतो. चाचांना सोबत चला म्हटलं, तर ते म्हणाले, “आधी त्यांना सांग. नाहीतर मी येणार नाही.”

सांगितलं, आणि व्हायचं तेच झालं. फोटो म्हटल्यावर सगळे तेल लावून, भांग पाडून, मागून आणलेले कोट चढवून बांधावर हजर. मी संतापलो. “चाचा, हे काय लग्नाचं वऱ्हाड आहे?”

“पुढारी, जरा बाजूला हो,” म्हणत चाचांनी पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, “दादा, कसं दिसायचंय?”

“साहेबावानी,” तो म्हणाला. “पन जोडं पायांत जात न्हाईत. पाय सुजल्यान. हातांत धरू काय? मालकानं दिल्यात, दिसूं देत.”

त्याचं बघून सगळ्यांनीच धरले. अंगात कोट, हातात कोरे जोडे, खाली ते पाय.

पत्रकावर तो फोटो छापला आणि खाली मालकाचंच वाक्य घातलं. माझा एक शब्द नाही. पाऊस लागायच्या आत मिठागरावर मलमपट्टीला माणूस बसला.

मालकाच्या गोतावळ्यानं मात्र स्टुडिओकडे पाठ फिरवली. सावकार, वकील, सगळी लग्नाची गिऱ्हाइकं तीच. “जाऊ दे. तशीही ती मंडळी हसत नव्हती,” चाचा म्हणाले, आणि आफ्रिकेत भावाकडे जायला निघाले.

बंदरावर मी माझा डबा काढला. ऊन त्यांच्या मागं होतं, तसंच राहू दिलं.

“चाचा, कसं दिसायचंय?”

त्यांनी ट्रंक खाली ठेवली, टोपी सरळ केली. “परत येणारा,” म्हणाले आणि हात वर केला.

ते आले नाहीत. फोटोत तो हात हललेला आहे.