गरम गोळी, घट्ट दूध

नांदूरघाटची आशा कार्यकर्ती विजयमाला दारात दिसली की निम्म्या बायकांना घरातलं काम आठवतं. खांद्याला पिशवी, हातात वही आणि जिभेला लगाम नाही. शिक्षण बारावी, पण आतड्यातली एकेक पेशी आपल्या भावकीतली असल्यासारखी बोलते.

यंदा तिची गाठ पडली चंद्रभागाबाईंशी. दारात पाच म्हशी, मुलगा राजकारणात आणि सून प्रियदर्शनी सातव्या महिन्यात. दोन महिने लोहाच्या गोळ्या चालू, तरी सुनेचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेसातच्या वर सरकेना. महिन्याभरात नऊ झालं नाही, तर रक्त चढवायला आणि बाळंतपणाला बीड गाठावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

गोळी कशी देता, असं विजयमालानं विचारलं. चंद्रभागाबाईंनी कौतुकानं सांगितलं, गोळी पोटात लई गरम पडते, म्हणून पेलाभर घट्ट दुधासंगं.

"काकू, गोळी गरम न्हाई. तुमचं दूधच आडवं येतंय."

त्या घरच्या दुधाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. विजयमाला थांबली नाही. आतड्याच्या पेशींना लोह आत घ्यायची बारीक दारं असतात, तिथं दुधातलं कॅल्शियम ठाण मांडतं आणि लोह तसंच पुढं संडासवाटे निघून जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व मात्र लोहाला दारातून शिरता येईल अशा रूपात ठेवतं. हे सगळं तिनं ओसरीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

या दुधावर दोन पैलवान पोसलेत, असं चंद्रभागाबाईंनी सुनावलं आणि सरपंचाकडं तक्रारही धाडली. दुसऱ्या दिवशी विजयमाला लिंबू घेऊन ओसरीवर हजर. चार दिवस तिला कुणी चहा विचारला नाही. बरंच झालं, म्हणाली, चहानंबी लोह अडतंच.

पाचव्या दिवशी पेला पुढं आला, तेव्हा सासूसमोर कधी मान वर न करणाऱ्या प्रियदर्शनीनं तो हातानं मागं सारला.

"आत्याबाई, दूध मी चार वाजता पिते. गोळी लिंबाच्या पाण्यासंगंच घेणार. पोटातलं लेकरू माझं हाय, रक्तबी माझंच लागतंय त्याला."

सासूबाई पेला घेऊन आत गेल्या.

महिन्यानं रक्त भरलं नऊ पूर्णांक दोन. बीड टळलं. आमच्या म्हशींनीच सून तारली, असं चंद्रभागाबाई आता गावभर सांगतात. विजयमाला तेवढंही सोडत नाही. भेटतील तिथं, चारचौघींत, तोंडावर दुरुस्त करते.