गिटार कापलेला फोटो

अर्लीन टॉलिव्हरचं डोकं फिरायला अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टात एक मयत पुरे. उभा जन्म तिने नाचगाण्याच्या अड्ड्यांवर, तळलेल्या माशांच्या धुरात डोळे चोळत ब्लूज वाजवणाऱ्यांचे फोटो काढले. आणि वाजवणारा मेला रे मेला, की घरचे तिच्याच दारात! अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापायला फोटो हवा, पण त्यात गिटार नको. का, तर ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, चर्चमध्ये कसं चालेल?

"मग सैतानाच्या फोटोवालीकडे येता कशाला?" ती करवादायची.

आता क्लीओटिस बँक्स गेला. त्याची बायको व्हर्डेल आली, फोटो चाळले आणि नेमका अर्लीनचा सगळ्यात लाडका उचलला.

"हाच दे. गळ्याखाली काप."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अगं, गिटार काढली तर उरतो कोण? ट्रॅक्टर चालवणारा कुणीतरी गडी! उद्या पोरांनी विचारलं, हा कोण होता, तर काय सांगशील?"

"माझा नवरा होता म्हणून सांगेन. तू काप."

अर्लीनने दातओठ खात कापला. जिवंतपणी गाव नाचवलं त्या माणसाने, आणि मेल्यावर त्याची ओळखच पुसायची! ती पुसणारा हात आपला, याचीच तिला जास्त चीड आली.

चर्चमध्ये रेव्हरंडनी पत्रिका उंच धरली. "हे डोळे बघा! प्रभूच त्याच्यासमोर उभा आहे जणू!"

"आमेन!" सगळे गरजले.

अर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रभू कसला डोंबलाचा! शनिवारची रात्र होती, मक्याची दारू होती! सगळ्यांदेखत सांगायचंच म्हणून ती उठली, तर शेजारी बसलेल्या व्हर्डेलने तिची बाही ओढली.

"बस खाली. समोर मी होते."

"काय?"

"आम्ही पहिल्यांदा भेटलो ती रात्र. भिंतीशी उभी होते मी. वाजवत होता सगळ्यांसाठी, पण असं बघितलं ते मला."

"मग आधी बोलायला काय झालं होतं, बये?"

"तू बोलू दिलंस कुठे? गिटार, गिटार, एकच धोशा लावला होतास."

अर्लीन खाली बसली. त्या रात्री क्लीओटिसची बोटं टिपण्यात तिने अख्खा रोल संपवला होता. तो कुणाकडे बघतोय, हे मान वळवून बघायचं तिला सुचलंसुद्धा नव्हतं.