बारक्या आमच्या दारात वाकायचा

देवापुढं उभी राहून मान वर करता येईना, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. आमचे हे गेले तेव्हासुद्धा मी जोतिबाच्या पायरीवर उभी राहून त्याला चार शब्द सुनावले होते. त्याचं-माझं नातं तसंच आहे, भांडणाचं. पण त्या माघात खेट्याला, म्हणजे अनवाणी त्याचा डोंगर चढायला, निघाले तेव्हा मनात एकच येत होतं, की आज देवानं तोंड फिरवलं तर चूक त्याची नसेल. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. ज्याच्याशी मी वाईट वागले त्यानं ती कधी बोलून दाखवली नाही, मग आपण कशाला तोंड उघडायचं, असं वाटायचं. आता वाटतं, तो बोलला नाही म्हणूनच मी बोललं पाहिजे.

आम्ही कोल्हापुरात गंगावेशीजवळ राहतो. परड्यात दोन म्हशी, आणि गल्लीतली गिऱ्हाइकं सकाळ-संध्याकाळ धारोष्ण दूध प्यायला पेला धरून उभी. घरात मी आणि माझी मुलगी राणी. वरची खोली भाड्यानं द्यायची. चार वर्षांमागं एका कॉलेजातल्या मास्तरांनी एक मुलगा आणून दारात उभा केला. टांझानियाचा, नाव बराका. आमच्या चौकटीपेक्षा हातभर उंच. पहिल्याच दिवशी आत येताना खाडकन डोकं आपटलं, आणि मी खरं सांगते, आधी हसले, मग हळद आणायला धावले. दुसऱ्या दिवशी परत आपटलं. तिसऱ्या दिवसापासून तो वाकायला लागला. मी सकाळी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावते, ते त्यानं पाहिलं असणार. वाकलेलाच असायचा, म्हणून तोही उंबऱ्याला बोटं टेकवायचा आणि कपाळाला लावायचा. मी म्हटलं, "तुला रे कुणी शिकवलं?" तर म्हणाला, "तुमीच की, काकू." गल्लीतल्या पोरांनी बराकाचं दोन दिवसांत बारक्या करून टाकलं. सगळ्यात उंच माणसाला बारक्या म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यालाही ते आवडायचं.

तो काही खेळाडू म्हणून आला नव्हता. शिकायला आला होता, आणि गावाकडं खेळला असेल तर फुटबॉल. त्या मास्तरांनीच त्याच्या हाताचा पंजा बघितला आणि त्याच्या हातात बास्केटबॉल दिला. पहिलं वर्ष नुसतं पळण्यात आणि पडण्यात गेलं. गुडघे सोलून यायचा. पहाटे गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायचा, खाली भिंतीचे पोपडे पडायचे, आणि मी म्हशीच्या कासेला बसल्या जागेवरून ओरडायची, "आरं, घर पाडतोस काय माझं!" तो खाली येऊन निमूट पेला पुढं करायचा. एक पेला पिऊन झाला की दुसरा. दुसऱ्या वर्षी त्याच्या कॉलेजानं स्पर्धा जिंकली. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीत आणायचं ठरवलं, पण चौघांनी उचलला तरी त्याचे पाय जमिनीला घासत होते. शेवटी तोच उतरला आणि एका पोराला खांद्यावर घेऊन आला. अशी हसली होती गल्ली त्या दिवशी.

मग पुण्यात कुठल्याशा सामन्यात त्याला एका व्यावसायिक संघाच्या माणसानं पाहिलं. पगार देऊन खेळवणारा संघ. पंधरा दिवसांच्या शिबिराला ये, तिथं टिकलास तर करार, असं त्यांनी सांगितलं. त्यानं त्या दिवशी फोनवर आपल्या आईला दाखवलं मला. ती बाई शिलाईचं मशीन चालवते. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या, आणि दोघी उगाचच हसलो. ती काय म्हणाली ते त्यानं सांगितलं, "आई म्हणती, माझ्या पोरावर लक्ष असू द्या." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "तुमचं न्हवं, माझंच पोरगं समजा." हे वाक्य मी विसरायचा फार प्रयत्न केला. विसरता येत नाही.

परदेशी मुलांना राहायची परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, की हा माझ्याकडं राहतो. आदल्या वर्षी मी डोळे झाकून सही केली होती. त्या वर्षी ती परवानगी वाढली नसती तर त्याला शिबिरात घेणार नव्हते, आणि वर गाशा गुंडाळून मायदेशी जावं लागलं असतं. त्यानं कागद माझ्यापुढं ठेवला. "सवडीनं करा, काकू." आणि नेमकं त्याच आठवड्यात राणीला स्थळ आलं. रविवारी पावणं बघायला येणार. माझी नणंद मदतीला म्हणून आली आणि जिन्यावर बारक्याला बघून तिनं मला परड्यात ओढलं. "तुझं डोस्कं फिरलंय व्हय गं? पोरगी लग्नाची, आणि वर ह्यो असला काळा गडी ठेवलायस? पावण्यांनी बघितला तर काय म्हणतील? आणि सही-बिही करू नगंस. उद्या काय झालं तर पोलीस तुझ्या दारात, पावण्यांच्या देखत."

नणंदेवर ढकलून मी मोकळी होणार नाही. तिनं बोलून दाखवलं, करणारी मी. संध्याकाळी त्याला म्हटलं, चार-आठ दिवस दुसरीकडं बघ. तो चौकटीत वाकून उभा होता. "मग परत येऊ?" मी हो म्हटलं नाही. कागद मात्र परत दिला, कोरा. वर माझी हुशारी बघा, म्हणाले, "आता तू हितं राहणारच न्हाईस, मग हितं राहतो म्हणून मी सही कशी करू?" त्यानं कागदाची घडी घातली. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरोबर हाय, काकू." दोन पिशव्या घेतल्या, वाकला, उंबऱ्याला बोटं लावून कपाळाला लावली आणि गेला. वाकतानाही डोकं घासायचं, म्हणून चौकटीच्या वरच्या लाकडावर त्याच्या डोक्यातल्या तेलाचा काळसर डाग पडला होता. पावण्यांना दिसू नये म्हणून मी स्टुलावर चढून त्यावर रंग मारला.

रविवारी पावणं आलं. नवऱ्या मुलाचे वडील साधा, मोठ्यानं बोलणारा माणूस. पोह्यांची बशी हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न, "वैनी, तो बास्केटबॉलवाला पोरगा तुमच्याकडंच राहतोय न्हवं? आमच्या पोराला त्याच्यासंगं फोटो काढायचाय. खेळ बघितलाय त्यानं, सकाळपासनं तेच चाललंय घरात." "गावाला गेलाय," मी म्हटलं. राणी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "गावाला न्हाय गेला. आईनं घालवलाय त्याला. तुमी येणार म्हणून." त्या माणसानं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून, अगदी हळू आवाजात, म्हणाला, "आमी एवढं वाईट दिसतो व्हय, वैनी?" होकार नाही, नकार नाही, चहा पिऊन ते गेले.

त्या आठवड्यात राणी माझ्याशी कामापुरतं बोलली. तिनं बारक्याला फोन लावला होता. मी बरा हाय, एवढंच तो म्हणाला, कुठं राहतो ते सांगेना. कागदाला सोमवार शेवटचा दिवस आहे, हे तिनं त्याच्याकडून काढून घेतलं आणि मला ऐकवलं. "तूच लाव की फोन," म्हणाली. "लावते," मी म्हटलं आणि लावला नाही. फोन हातात घेतला की त्याच्या आईचा हसरा चेहरा दिसायचा. काय तोंडानं बोलणार होते मी?

पुढचा रविवार खेट्याचा. आम्ही कोल्हापूरकर माघात पाच रविवार अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातो, त्याला खेटे म्हणतात. मी सात वर्षांची असल्यापासून जाते. त्या दिवशी शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या रस्त्याला लागले, तर पुढं एक म्हातारी आपल्या नव्या सुनेला खेट्यांची कथा सांगत चालली होती. दैत्य मारून झाले, काम संपलं, देव आपल्या मुलखाला, पार हिमालयाकडं परत निघाला. हे कळताच कोल्हापूरची अंबाबाई पायात काही न घालता तशीच धावत आली आणि म्हणाली, जाऊ नको, इथंच राहा. "म्हणून आपण अनवाणी जायाचं, बाळ," म्हातारी म्हणाली, "लांबनं आलेल्या देवाला आईनं थांबवून घेतला म्हणून." ही कथा मी शंभरदा ऐकली होती, स्वतः सांगितली होती. पण त्या सकाळी माझे पाय रस्त्यातच थबकले. लांबून आलेल्याला थांबवून घेतलं म्हणून जो देव आम्हांला मिळाला, त्याच्याकडं मी लांबून आलेल्याला हाकलून चालले होते. आणि तेही अनवाणी, पुण्य मिळावं म्हणून! मला माझीच किळस आली. लोक "चांगभलं, चांगभलं" म्हणत बाजूनं जात होते आणि माझ्या तोंडातून तो शब्द निघेना. कुणाचं चांगभलं म्हणू? डोळ्यांत पाणी, त्यात खडी टाचेत घुसली, रक्त यायला लागलं. मी मनात म्हटलं, देवा, मला काय करावं कळत नाही. तू सांगशील ते करते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडले नाही.

थोडं पुढं रस्त्याकडेला ताक वाटत होते. तिथले शौकतभाई आणि त्यांच्या घरचे दर वर्षी खेट्याच्या लोकांना ताक देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी मान खाली घालूनच रांगेत उभी होते. समोर पेला आला, पण वरून, फार वरून आला. धरणारी बोटं लांब, काळी, मधल्या बोटाला पांढरी पट्टी गुंडाळलेली. "चांगभलं, काकू," तो म्हणाला.

मी तिथंच रस्त्यात खाली बसले. शौकतभाईंच्या बायकोनं मला बाजेवर बसवून टाच धुतली, फडकं बांधलं. शौकतभाईंना मी कोण ते ठाऊक नव्हतं. ते आपले सांगत बसले, "लई गुणी पोरगं. आमच्या दुकानावरच्या खोलीत ठेवलंय. पण पहिल्या घरमालकाची सही मागत्यात कागदावर. ह्यो जायला तयार न्हाय. म्हणतो, काकूंची पोरगी लग्नाची हाय, त्यांना त्रास नको." मी म्हटलं, "ती काकू मीच."

मी बारक्याला म्हटलं, "चल घरी." हात जोडले. त्यानं माझे हात खाली केले आणि मान हलवली. "न्हाय काकू. हितं बरं हाय." रागानं नाही म्हणाला, पण नाही म्हणाला. अंबाबाईचं देवानं ऐकलं होतं. माझं बारक्यानं ऐकलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग मी कागद मागितला. तो त्याच्याकडंच होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. शौकतभाईंनी पेन दिलं. लिहायला टेबल नव्हतं, ताकाची पिंपं सगळी ओली. तो माझ्यापुढं वळला आणि पाठ करून वाकला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून मी सही केली.

त्याच पायानं मी डोंगर चढले. देवापुढं मान वर झाली नाही. पण चांगभलं म्हटलं, बारक्याचं नाव घेऊन, त्याच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं म्हणून "त्याच्या आईचं" असं म्हणून. सोमवारी त्याच्याबरोबर पोलिसांच्या कचेरीत गेले आणि विचारतील त्याला खरं उत्तर दिलं, कधीपर्यंत राहिला आणि का गेला तेसुद्धा. तिथला माणूस माझ्याकडं बघत राहिला, पण शिक्का मारला.

बारक्या शिबिरात टिकला. वर्षभर त्या संघाकडून खेळला, आणि आता परदेशातल्या एका मोठ्या संघात आहे. आईला नवं घर बांधतोय म्हणे. राणीचं लग्न त्या पावण्यांच्याच मुलाशी झालं. पोरगी खरं बोलते म्हणून पसंत केली, असं सासऱ्यानं मला तोंडावर सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी तो त्या रस्त्यावर उभा असणं हा चमत्कार की योगायोग, ह्या वादात मी पडत नाही. ताक दर वर्षीच वाटतात, आणि तो तिथं राहत होता, मग वाटणारच. मला एवढंच कळलं, की मी हट्ट सोडला आणि पुढच्या फर्लांगावर मला वाट दाखवली गेली, तीही सोमवार उजाडायच्या आत. ह्यासाठी मी देवाची जन्मभर ऋणी आहे. लाज मात्र त्यानं माझ्याकडंच ठेवली, आणि मी ती काढून घे म्हटलं नाही.

जावई कधीकधी फोनवर त्याचे सामने दाखवतो. मैदानात शिरायच्या आधी बारक्या रेषेपाशी थांबतो, वाकतो, बोटं जमिनीला लावून कपाळाला लावतो. समालोचन करणारे काहीतरी बोलतात, मला कळत नाही. जावई म्हणाला, "आत्या, मैदानाच्या पाया पडतोय बघा." पडत असेल. मला तिथं माझा उंबरा दिसतो, आणि दोन पिशव्या घेतलेला तो.

चौकटीवरचा रंग मी खरवडून काढला, पण खालचा डागही त्याच्याबरोबर गेला. सुताराला बोलावून चौकट उंच करून घ्यावी असं एकदा मनात आलं होतं. मग राहू दिली. माझी उंची पाच फूटसुद्धा नाही, त्या दारातून मी ताठ मानेनं आत-बाहेर करू शकते. तरी आता दर वेळी वाकते.