घंटागाडी वळते तिथे हद्द

मुश्ताकभाई गेल्याची बातमी अश्विनीने फोनवर सांगितली, तेव्हा मी नववीच्या भूगोलाच्या वह्या तपासत होते. "बाई, भाई गेले… सकाळी, झोपेतच," एवढंच ती बोलली. त्याला आता दीडेक महिना झाला. परवा तिचा पुन्हा फोन आला. "बाई, दुकानाचं काय करायचं?" पनवेलात बंदर रोडकडे वळताना कोपऱ्यावर मुश्ताकभाईंचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुबईला असलेल्या त्यांच्या मुलाने ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्याने दिलं, आणि पाटी उतरली. पण आम्ही काही हौशी मंडळी इंटरनेटवर जगाचा जो नकाशा मिळून काढतो, त्यात 'नूर इलेक्ट्रिक' अजून उभं आहे. आमचा नियम असा, की जे जमिनीवर नाही ते नकाशात ठेवायचं नाही. हा नियम आम्हाला घोटून घोटून शिकवला तो मुश्ताकभाईंनीच. आता त्यांचंच दुकान पुसायचं कोणी, यावर आमचं घोडं अडलं होतं. तिने पुसावं असं मला वाटत होतं आणि मी पुसावं असं तिला.

हा नकाशा म्हणजे काय प्रकार आहे, ते आधी सांगायला हवं. तो कुठल्या सरकारचा नाही, कंपनीचा नाही. जगभरातले रिकामटेकडे (हा शब्द माझ्या यजमानांचा) आपापल्या गल्ल्या, विहिरी, देवळं, मशिदी त्यात भरत असतात, आणि कुणीही कुणाचं खोडू शकतो. मुश्ताकभाई मस्कतला वीजतंत्री होते तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी कंपनीच्या कॉम्प्युटरवर या नकाशात पनवेल शोधलं. सापडला तो एक हायवे, एक रेल्वेचा रूळ आणि बाकी कोरा कागद. "बाई, मला एवढं वाईट वाटलं, जसं काही आमच्या अम्मीला कुणी ओळखलंच नाही," असं ते सांगायचे. त्या दिवशी त्यांनी आपला मोहल्ला काढला, मग तळं, मग मासळी बाजार. दोन-तीन वर्षांत मस्कतला बसून त्यांनी निम्मं पनवेल भरलं आणि मग, बाकीचं तिथून दिसत नाही म्हणून की काय, नोकरी सोडून परतले.

माझी त्यांची ओळख मिक्सरमुळे झाली. भांडं गळतं म्हणून घेऊन गेले, तर मी भूगोल शिकवते हे कळल्याबरोबर त्यांनी मिक्सर बाजूला सारला आणि विचारलं, "बाई, ही गाढी नदी पूर्वी नेमकी कुठून वाहायची?" दुकानात मागच्या बाजूला, सुट्या पंख्यांच्या पात्यांमध्ये, एक जुना कॉम्प्युटर होता. मी नदी दाखवायला बसले ती बसलेच. मिक्सर पुढे दोन महिने तिथेच पडून होता आणि आमच्या घरी चटणी पाट्यावर वाटली जात होती. त्यावरून यजमान मला अजून बोलतात.

भाईंची काम करायची एक रीत होती. गाव कुठे संपतं आणि शहर कुठून सुरू होतं, हे कागदावर एक असायचं आणि पुढाऱ्यांच्या तोंडी दुसरं. भाई दोन्हीकडे कानाडोळा करायचे. ते विचारायचे, इथला कचरा कोण उचलतं? जिथपर्यंत गावाची घंटागाडी येते तिथपर्यंत गाव, जिथून ती वळते तिथे हद्द. एकदा ओवे गाव आणि खारघरचे नवे सेक्टर यांच्यामधली रेघ ठरवायला ते स्कूटरवरून आख्खी सकाळ खारघरच्या घंटागाडीमागे फिरले. रेघ काढली. मोठ्या ऐटीत मला दाखवली. मी म्हटलं, "भाई, ही इथे ओव्यात एकदम शिंग फुटल्यासारखी का गेलीय?" तर म्हणाले, "गाडी जाते तिथपर्यंत. मी डोळ्यांनी बघितलंय." काही महिन्यांनी तोच घंटागाडीवाला टेबलफॅन घेऊन दुकानात आला. भाईंनी कौतुकाने त्याला त्याची रेघ दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अवो भाय, तिथं माजी सासुरवाडी हाय. मी जेवाला थांबतो, कचरा नाय उचलत." तेवढे महिने जगाच्या नकाशात खारघर त्याच्या सासऱ्याच्या ओटीपर्यंत पोचलं होतं! भाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. फॅनचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढे पनवेलची महानगरपालिका झाली, ओवे आणि खारघर एकाच हद्दीत आलं, आणि सासरेबुवांचा प्रश्न कायमचा मिटला.

देशांच्या सीमांनाही ते हीच रीत लावायचे. तशी ती त्यांची एकट्याची नव्हती. जिथे दोन देश एकाच जमिनीवर हक्क सांगतात, तिथे प्रत्यक्षात ताबा कुणाचा आहे ते बघून मुख्य रेघ काढायची, आणि कोणाचा दावा कुठपर्यंत आहे ते वेगळ्या रेघांनी नोंदवायचं, असं जगभरच्या नकाशेकऱ्यांनी वादावादी करून ठरवलेलं आहे. हे ऐकून मी मात्र उखडले होते. मी वर्गात शासनाचा नकाशा शिकवते. त्यात काश्मीर जसं आहे तसं मुलांनी काढलं नाही तर मी गुण कापते. शिवाय आपल्याकडे याबाबतीत कायदा कडक. "आणि तिथे हिमालयात कुठली आलीय तुमची घंटागाडी?" मी विचारलं. "घंटागाडी नाही, पण फौजी आहे ना," भाई म्हणाले. "तो कुठे उभा आहे ते बघायचं." नियंत्रण रेषेवरून आमचं असं कितीदा तरी वाजलं. पण मी वर्गात शासनाचा नकाशा शिकवते याला ते कधी हसले नाहीत. उलट भिंतीवर लावायच्या नकाशाची तुटलेली दांडी त्यांनीच मला बसवून दिली होती.

मग एका वर्षी कुणीतरी ती रेघ उचलून थेट आपल्या शासकीय सीमेवर नेऊन ठेवायला लागलं. भाई ती परत जागेवर आणायचे, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेलेली असायची. आमच्या नकाशात कोणी काय बदललं ते नावानिशी दिसतं, आणि भाई स्वतःच्या खऱ्या नावाने काम करायचे. मला धडकी भरली. मी म्हटलं, "भाई, ही रेघ बाकी कुणीही मागे आणू दे. तुम्ही नको." त्यांनी हातातली वाइंडिंगची तार खाली ठेवली. "माझं नाव मुश्ताक आहे म्हणून?" मी हो म्हटलं. काय बोलणार दुसरं… ते म्हणाले, "नाव बघून कुणाला राग येत असेल तर त्याला चहाला बोलावू. चेहरा बघून तरी राग जाईल." आणि खरंच त्यांनी आपल्या नावापुढे दुकानाचा पत्ता घातला. त्या रेघ हलवणाऱ्या माणसाने इथल्याच रोडपालीच्या इमारती फार मन लावून काढल्या होत्या. भाईंनी त्याला मराठीतून निरोप धाडला, की रोडपालीचं काम झकास झालंय, रेघेचं बोलायला दुकानात या.

पुढच्या रविवारी आली ती अश्विनी. तिशीतली, हॉस्पिटलात नर्स, अंगावर ड्यूटीचेच कपडे. तिला बसा म्हटलं तरी ती बसली नाही. "तुम्हीच का, माझी रेघ सारखी मागे नेणारे? माझा भाऊ तिकडे बॉर्डरवर आहे. आणि तुम्ही इथे पंख्याखाली बसून देश लहान करताय." शेजारचा चपलांच्या दुकानातला माणूस डोकावायला लागला. भाईंनी फक्त स्क्रीन तिच्याकडे वळवला. "तुमचा भाऊ कुठे आहे ते मला सांगू नका ताई, फौजेची बात आहे. पण रेघेवर आहे ना?"

"रेघेवरच."

"आता तुम्ही रेघ वर नेलीत. मग तो नकाशात कुठे राहिला?"

तिने बघितलं. रेघ लांब वर गेली होती आणि भाऊ खूप आत, मागे राहिला होता. "आत आला," ती हळूच म्हणाली. "आत. घरी बसल्यासारखा," भाई म्हणाले. "मग पहारा कसला करतोय तो? ताई, माझ्या रेघेत तो उभा दिसतो. तुमच्या रेघेत नाही दिसत." अश्विनी स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडणार. पण ती ताठ होती. "आणि आपला हक्क? तो कुठे दिसतो तुमच्या नकाशात?" भाई खूश झाले. इतका नेमका प्रश्न त्यांना मीही कधी विचारला नव्हता. त्यांनी दाव्याची वेगळी रेघ उघडून दाखवली. "हक पण काढून ठेवलाय. ज्याला हवा तो ही रेघ घेऊन आपला नकाशा बनवू शकतो. फक्त हक आणि कब्जा एका रेघेत मावत नाही." ती स्क्रीनजवळ नाक नेऊन बघायला लागली आणि म्हणाली, "ही कुणी काढली? नदीच्या भलत्याच बाजूने नेलीय. एवढा हक आहे तर नीट तरी काढायचा." भाईंनी खुर्ची रिकामी केली. "काढा." मग कितीतरी रविवार ती येऊन ती रेघ वळणावळणाने सुधारत राहिली, आणि भाई तिला चहा, मला टोमणे पुरवत राहिले. तिचा भाऊ सुट्टीवर आला तेव्हा दुकानात पेढे घेऊन आला होता. त्याने नकाशा बघितला, मान डोलावली, आणि कुठे काय चुकलंय ते सांगायला ठाम नकार दिला. त्यावर भाई म्हणाले, "शाबास."

तर आता दुकान. अश्विनीशी बोलून झाल्यावर मी स्वतःच शाळेतून येताना पनवेलला उतरून बघायचं ठरवलं, कारण बघितल्याशिवाय काही बदलायचं नाही हेही भाईंचंच. एसटी स्टँडवरून रिक्षा केली आणि बंदर रोडचा कोपरा म्हटलं. रिक्षावाला म्हातारा होता. "मुश्ताकभायच्या कोपऱ्यावर ना?" मी म्हटलं, दुकान तर गेलं आता. "दुकान गेला ओ, कोपरा कुटं जानार?" दुकानात सगळीकडे चकचकीत कव्हरं टांगलेली, पंख्याचं एक पातं नाही. मला भरून आलं. ते लपवायला मी एक कव्हर विकत घेतलं, जे माझ्या फोनला बसतही नाही. नवा दुकानदार फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हां, हां, मुश्ताकभाई के कोने पे." त्या माणसाने भाईंना बघितलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन मी 'नूर इलेक्ट्रिक' पुसलं. मग त्या वळणाला नाव दिलं, 'मुश्ताकभाईंचा कोपरा'. कारण जागेला तिथली माणसं जे म्हणतात तेच तिचं नाव, हाही आमचा नियम. तासाभरात अश्विनीचा निरोप आला. "बाई, पुरावा काय? आपला माणूस म्हणून घातलंत ना?" मी रिक्षावाल्याचं सांगितलं, कव्हरवाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या जवळच्या. मी जाऊन बघते. नाहीतर मी खोडणार." मला तिचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, ही भाईंचीच शागीर्द.

काल ड्यूटी संपवून ती पनवेलला गेली. संध्याकाळी फोन आला. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "बाई, मी रिक्षावाल्याला रस्त्याचं नाव सांगितलं नाही, वळण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, मुश्ताकभाईंकडे सोडा. त्याने कोपऱ्यावर सोडलं. राहू दे नाव."