रुळाकडेची पंगत

ढोकी सोडून येडशीकडं येताना लहान रुळाची गाडी माळावरनं धापा टाकत चढायची. त्या चढावर रुळाला लागूनच दोन खोल्यांचं एक दगडी घर होतं. रुळांची देखभाल करणारा गुलाब गँगमन आणि त्याची बायको केशरबाई त्या घरात राहायचे. आसपास वस्ती नव्हती. दारात एक लिंबाचं झाड, मागं बोरी-बाभळी, आणि पाण्याचं एक मोठं लोखंडी पिंप. विहिरी आटल्यापासून गाडीनं पाणी यायचं, ते या पिंपात भरून घ्यायचं आणि पुढची खेप येईस्तोवर पुरवायचं.

केशरबाई तिशीतली. अंगानं काटक, बोलायला कमी. तिच्या लहानपणी तिची आई सांजच्याला टोपलं घेऊन गावात भाकरी मागायला जायची. केशर तिच्याबरोबर असायची. मोठ्या घरांच्या पायरीखाली उभं राहायचं, मग वरनं भाकरी पदरात पडायची. देणारीचा हात कधी पदराला लागायचा नाही. छप्पन साली बापानं धम्म घेतला आणि घरी येऊन सांगितलं, "आजपासनं मागून खायाचं बंद. मिळंल त्ये करून खायाचं." त्या वर्षी घरात उपास बरेच घडले, पण टोपलं काही परत निघालं नाही. भाकरी मात्र केशर त्या वर्षीच शिकली. लग्न होऊन गुलाबच्या घरी आली तेव्हा तिच्या भाकरीचा पापुद्रा बघून सासूसुद्धा गप्प बसली होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. माणसं खडी फोडायच्या कामावर होती, जनावरं छावणीला नाहीतर बाजारात गेली होती, आणि रेशनला तो परदेशातला लाल जोंधळा, मिलो, मिळत होता. त्याची भाकरी थापताना चिरत जायची. अशातही चैत्राची पुनव आली, येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरली, आणि गाडीला गर्दी झाली.

दुपार कलायला लागली होती. केशरबाई दारात डाळ पाखडत बसली होती. गाडी चढावर आली, हळू झाली, एक लांब सुस्कारा टाकून थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर उतरून गुलाबकडं आला.

"पाणी संपलं रे. मागच्या टेसनाच्या टाकीत थेंब नव्हता. येडशीपोत्तर ओढंल वाटलं होतं."

"आता?"

"आता भट्टीतला इस्तू काढून टाकावा लागतोय, न्हायतर बॉयलर फुटंल. तू येडशी गाठ. म्हणावं दुसरं इंजान पाठवा."

गुलाबनं काठी घेतली आणि रुळारुळानं निघाला. डबे तव्यासारखे तापले होते. माणसं एकेक करून खाली उतरली आणि लिंबाच्या सावलीला आली. सावली पुरेना तेव्हा घराच्या भिंतीला टेकली. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कडेवरची लेकरं, फेटेवाले, टोपीवाले. एवढी माणसं आपल्या अंगणात केशरबाईनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं आधी पिंपावरचं झाकण काढलं आणि तांब्या बुडवला. तहानलेल्यांनी ओंजळी पुढं केल्या. कुणी काही विचारलं नाही. तहान तशीच होती.

पाणी पोटात गेल्यावर भूक जागी झाली. लेकरं रडायला लागली. येडशीच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी धोंडप्पा त्या गाडीत होते. पांढरी टोपी, हातात छत्री. ते म्हणाले, "बाई, काही खायला मिळंल का? लेकरांपुरतं तरी."

केशरबाईनं घरातलं पीठ डोळ्यांपुढं आणलं. ते दोघांनाच जेमतेम होतं. मग आतून मोठी परात आणून तिनं झाडाखाली ठेवली.

"माझ्याकडलं हे पीठ हाय," तिनं आपला डबा त्यात पालथा केला. "तुमच्या गाठीला जे असंल ते यात टाका. भाकरी म्या करते."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दुष्काळात गाठोडं सोडायचं म्हणजे सोपं नव्हतं. पहिल्यांदा धोंडप्पांनी पिशवीतली शेंगांची पुडी टाकली. मग कुणी जोंधळ्याचं पीठ, कुणी मिलोचं, कुणी कांदे, कुणी मूठभर तूरडाळ, कुणी लाल मिरच्या. परात भरली, दुसरं घमेलं आणावं लागलं.

बाजूला एक म्हातारी आपलं गाठोडं छातीशी धरून बसली होती. धुरपदाबाई तिचं नाव, ढोकीकडच्या एका गावातल्या खात्यापित्या शेतकरी घरातली. तिनं विचारलं, "बाई, घर कुणाचं म्हणायचं हे?"

 केशरबाईनं मान वर केली. "बौद्धाचं हाय, आजी."

दोन माणसं उठून उगाच गाडीकडं गेली. धुरपदाबाई म्हणाली, "माझ्यापाशी देवीच्या निवदाचं हाय. वरीसभर मडक्यात राखलेल्या गव्हाचं पीठ. म्या न्हाय ह्यात टाकायची."

"नका टाकू," केशरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं तीन दगड आणून म्हातारीपुढं चूल मांडली, चार काटक्या ठेवल्या, वरती स्वच्छ घासलेला तवा ठेवला. "तुमचं तुमी करून घ्या. उपाशी ऱ्हाऊ नका तेवढं."

आणि ती आपल्या कामाला लागली. पाणी उकळून त्यात तिनं पीठ कालवलं. मिलो असा उकडून घेतला की चिरत नाही, हे तिला खडीच्या कामावर कळलं होतं. दोन बाया आपणहून पुढं आल्या. एक कांदा चिरायला बसली, दुसरीनं पाटा ओढून शेंगा वाटायला घेतल्या. थापलेल्या भाकरीचा आवाज सुरू झाला आणि लेकरांचं रडणं आपोआप कमी झालं.

धुरपदाबाईनं चूल पेटवली. पीठ ताटलीत काढलं. मग तिचा हात थांबला.  जरा वेळानं केशरबाईचं लक्ष गेलं.

"काय झालं, आजी?"

"पाणी न्हाय," म्हातारी म्हणाली.

केशरबाईनं पिंपाकडं पाहिलं. त्या सबंध माळावर पाणी होतं ते तेवढंच. म्हातारीनंही पाहिलं. मघाशी उन्हाच्या तावात ती त्याच पिंपातलं पाणी घटाघटा प्याली होती, ते तिला आत्ता आठवलं असावं. ती हसली. आधी ओठांतल्या ओठांत, मग बोळकं उघडून मोठ्यानं.

"आगं, पाणी तर मघाच पोटात गेलंय! आता पिठाचं सोवळं घेऊन कुठं जाऊ म्या?" तिनं गाठोडं सोडलं. पिठाबरोबर गुळाचा खडाही होता. सगळं उचलून तिनं केशरबाईच्या पुढ्यात ठेवलं. "घे पोरी. गोड कायतरी कर लेकरांसाठी. देवीला म्या सांगंन काय सांगायचं त्ये."

गाडीकडं गेलेल्यांपैकी एक जण परत आला, एक नाही आला.

ताटं नव्हती. परात मधे, आमटीचं पातेलं मधे, गूळ घातलेल्या लापशीचा टोप मधे, आणि भोवती माणसं. भाकरी हातावर घ्यायची, तिलाच खळगा करून त्यात शेंगांची आमटी ओतून घ्यायची. ज्याच्यापाशी पळी असंल त्यानं शेजारच्याला वाढायचं. फेटेवाल्यानं टोपीवाल्याला वाढलं. धोंडप्पा एका खडी फोडणाऱ्या बाईला म्हणाले, "अजून घ्या, लाजू नका."  नुसता जेवणाचा आवाज.

केशरबाई तव्यापाशी बसली होती. समोरून एक हात पुढं आला, "अक्का, एक भाकर." तिनं भाकरी दिली. घेणाऱ्याची बोटं तिच्या बोटांना लागली. मग दुसरा हात आला, तिसरा आला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. चुलीच्या धगीपुढं, चैत्राच्या उन्हात तिला थंडी वाजल्यासारखं झालं. हे खरं आहे का, असं वाटून तिनं पंगतीवरनं नजर फिरवली. माळावर हिरवं पान नव्हतं, आभाळ पांढरंफेक पडलं होतं, आणि तिच्या दारात अख्खी गाडी जेवत होती. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती भानावर आली.

दिवस मावळायच्या सुमाराला दुसरं इंजिन आलं. गुलाब त्यावरच बसून आला. अंगणातली गर्दी, पसरलेली भांडी, बायकोच्या पाया पडणारी पोटुशी बाई, सगळं बघून तो म्हणाला, "लगीन हाय व्हय घरात?"

पाऊस पडला, छावणीतली जनावरं परत आली, तेव्हा धोंडप्पा मुद्दाम चालत आले. येडशीच्या दूध संस्थेचं काम आता जोरात सुरू झालं होतं. दूध घालायला खेड्यापाड्यांतून माणसं यायची, त्यांना जेवायची सोय नव्हती. "स्टेशनच्या वाटेवर संस्थेची एक पत्र्याची खोली हाय," ते म्हणाले. "तिथं खानावळ घाला, केशरबाई."

"माझ्या हातचं खातील?"

"मी रोज येईन. बाकीच्यांचं मला काय सांगता येत न्हाय."

ते बोलले तसंच झालं. केशरबाईनं समोरच्याच भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. कुणी नकळत जेवून मग हळहळायला नको, एवढाच तिचा विचार. काही माणसं तसबीर बघून उंबऱ्यातनं फिरायची. काही जण आत येऊन बसायचे. धोंडप्पा रोज बसायचे. त्यांच्या घरच्यांनी बरेच दिवस अबोला धरला, तरी बसायचे. खानावळीत वेगळी ताटं वाढायची पद्धतच नव्हती. भाकरीची परात आणि कालवणाचं पातेलं मधे, भोवती चटया. घरात जे शिजलं तेच पंगतीला. आलेला माणूस जागा दिसंल तिथं बसायचा, आणि शेजारी कोण आहे हे त्याला पहिला घास घेतल्यावर कळायचं. एसटीचे कंडक्टर मुक्कामाच्या गाड्या मागून घ्यायला लागले, ते केवळ त्या जेवणासाठी.

धुरपदाबाई दर चैत्राला यात्रेला जाताना खानावळीत उतरायची. पाचसहा वर्षं आली. मग गुडघे गेले आणि तिनं निरोप धाडला, "आता म्या येऊ शकत न्हाय. तू ये जेवायला. गुलाबलाबी आण."

केशरबाईला दोन रात्री झोप आली नाही. तरी ती गेली. घर मोठं होतं, उंच ओसरीचं. पायऱ्यांपाशी आल्यावर तिचे पाय आपोआप थांबले. ओसरीवर धुरपदाबाईचा लेक बब्रुवान बसला होता. त्यानं दोघांना पाहिलं, उठला, आणि गोठ्याकडं निघून गेला.

आतून हाक आली, "केशर, तिथं का उभी? आत ये. चुलीपाशी."

ती आत गेली. एक खण ओलांडला, दुसरा ओलांडला. अशा घराचा आतला भाग तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. काजळीनं काळं झालेलं आढं, फळीवर ओळीनं मांडलेली पितळी भांडी, कोनाड्यात देवी, शेणानं सारवलेली भुई. देवळात यावं तसं तिनं सगळं हळूहळू पाहून घेतलं. म्हातारी पाटावर बसून पोळ्या लाटत होती. सुनेनं दोघांना पाट दिले, ताटं मांडली.  पुरणपोळीवर तूप पडलं.

"जेव," धुरपदाबाई म्हणाली. "रोज दुसऱ्याला वाढतीस. आज बसून खा."

केशरबाईनं घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. म्हातारीनं तिकडं बघितलं नाही, ती लाटत राहिली.

दुसरी पोळी पडली तेव्हा दारात सावली आली. बब्रुवान उभा होता. तो आत आला नाही, बाहेरही गेला नाही. आईकडं न बघता म्हणाला, "मला हितंच वाढा." तो उंबऱ्यावरच टेकला. बायकोनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्यानं पहिली पोळी संपवली. मग गुलाबकडं वळून म्हणाला, "तुमची संध्याकाळची गाडी किती वाजता सुटती?"

"सुटंल आपली," गुलाब म्हणाला. "आज इंजानाला पाणी भरपूर हाय."

बब्रुवान हसला की ठसका लागला ते कळलं नाही. धुरपदाबाईनं तव्यावरची गरम पोळी उचलली आणि अर्धी त्याच्या, अर्धी केशरबाईच्या ताटात टाकली.